बारावं टेबल

आमच्या गावातली फीस्ट, म्हणजे सोळाव्या शतकातल्या युरोपासारखी मांडलेली मेजवानी, होऊन आठवडा झाला होता. चर्चच्या हॉललगतच्या छोट्या खोलीत आम्ही अभिप्रायाच्या चिठ्ठ्या वाचत बसलो होतो. एकीने मोठ्याने वाचायचं, दुसरीने वहीत टिपायचं, बाकीच्यांनी सगळ्या चिठ्ठ्या संपेपर्यंत मध्ये बोलायचं नाही, असं ठरलेलं. ‘गाणारी मुलं फार गोड होती.’ ‘पार्किंगची पाटी अंधारात दिसली नाही.’ ‘वेलदोड्याची बिस्किटं कुणी केली, कृती मिळेल का?’ अशा चिठ्ठ्या चालल्या होत्या. मग एक आली : ‘पालकाची टार्ट अप्रतिम, पण फारच जास्त होती. आमच्या टेबलावरून निम्मी परत गेली.’ ती टिपून होते न होते तोच पुढची : ‘पालकाच्या टार्टचं सगळे कौतुक करत होते. आमच्याकडे ती आलीच नाही. बारावं टेबल.’ वाचणारी क्षणभर थांबली. वहीवाल्या बाईंनी दोन्ही ओळी एकाखाली एक लिहिल्या आणि तिसरी चिठ्ठी उघडली गेली.

मी मात्र त्या दोन ओळींपाशीच राहिले.

अमेरिकेत रेनेसाँ मेळ्यांचं, म्हणजे त्या काळचे पोशाख, खेळ नि जेवणं पुन्हा उभी करणाऱ्या जत्रांचं, वेड साठ वर्षांहून जुनं आहे. १९६३ साली लॉस एंजेलिसमध्ये फिलिस पॅटरसन नावाच्या शिक्षिकेने आणि तिच्या नवऱ्याने, रॉनने, एका रेडिओ केंद्राला निधी मिळावा म्हणून पहिला मेळा भरवला. १९६६ च्या मे महिन्यात बर्कलीतल्या एका घराच्या परसात काही मित्रमंडळी ढाली-तलवारी घेऊन जमली आणि त्यातून सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम ही संस्था उभी राहिली. आता तिकीट लावून चालणारे प्रचंड मेळे जागोजागी भरतात. तिथे टर्कीची भाजलेली तंगडी हातात धरून हजारो माणसं फिरत असतात. आमचं तसलं काही नाही. ओहायोतलं मक्याच्या नि सोयाबीनच्या शेतांनी वेढलेलं आमचं गाव, त्यातले निवृत्त शिक्षक, दोन नर्स, शाळेच्या ऑर्केस्ट्राच्या बाई, एक सुतार, सेवेचे तास भरून द्यायला आलेली हायस्कूलची पोरं आणि त्या बर्कलीवाल्या संस्थेत उमेदीची वर्षं घालवलेले चार-पाच जुने खेळाडू. वर्षातून एकदा, थंडी ओसरायला लागली की मार्चमधला एक शनिवार. दुपारी अंगणात नाच, धनुर्विद्या, सुलेखनाचं टेबल, आणि संध्याकाळी हॉलमध्ये फीस्ट. कुणालाही एक पैसा मिळत नाही. तिकिटाचे पैसे हॉलच्या भाड्यात आणि बाजारहाटात जातात, उरले तर पुढच्या वर्षीच्या बदामांना.

बदामांचा उल्लेख सहज आला, पण खरोखर आमचा सगळ्यात मोठा खर्च तोच असतो. सोळाव्या शतकातल्या युरोपचा स्वयंपाक करायचा म्हटलं की बदामाला पर्याय नाही. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस मांस, दूध, लोणी, अंडी वर्ज्य. मग श्रीमंतांच्या घरी बदामाचं दूध काढायचं, त्यात भात शिजवायचा, त्याचीच दाट रबडी करायची. आदल्या गुरुवारी रात्री आम्ही बदाम गरम पाण्यात टाकून सालं काढायला बसतो. चिमटीत दाबला की पांढराशुभ्र बदाम सुळकन निसटून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जातो. बोटांची टोकं सुरकुततात, खोलीभर ओल्या सालांचा किंचित कडवट वास पसरतो. पहिल्यांदा बसले तेव्हा मी त्यांना आपल्या उपवासाबद्दल सांगितलं होतं. साबुदाणा, बटाटा, दाण्याचं कूट, हिरवी मिरची. मुख्य स्वयंपाकीण, आयुष्यभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेली बाई, हातातलं काम थांबवून म्हणाली, “म्हणजे तुमचा उपवास तर सगळा आमच्या बाजूच्या समुद्रापलीकडून आलेला!” तिचं बरोबर होतं. साबुदाण्याचा टॅपिओका, बटाटा, शेंगदाणा, मिरची ही चारही पिकं अमेरिका खंडातली, पोर्तुगीज आल्यानंतर आपल्याकडे रुळलेली. एकनाथांच्या तरुणपणीची एकादशी यांच्यावाचून पार पडत असणार. त्या रात्री मी किती तरी वेळ त्याच विचारात होते : त्या घरात त्या दिवशी चुलीवर काय चढत असेल?

आमच्या फीस्टच्या स्वयंपाकातही बटाटा नाही, टोमॅटो नाही, मिरची नाही. ही झाडं तोवर युरोपात पोचली होती, पण स्वयंपाकघरात त्यांना जागा मिळायला अजून वेळ होता. तिखटपणा येतो तो मिऱ्याचा, आल्याचा आणि पिंपळीचा. होय, पिंपळी. आजी सर्दीवर मधातून चाटवायची, तीच. मध्ययुगीन युरोपात ती मिऱ्याच्या जोडीने सर्रास वापरत. सतराव्या शतकात मागे पडली आणि आता इथल्या कुठल्याही किराणा दुकानात दिसत नाही. मला ती कोलंबस शहरातल्या भारतीय दुकानात, आयुर्वेदिक औषधांच्या फळीवर सापडली. मी खलबत्त्यात कुटली तेव्हा स्वयंपाकघरातली सगळी माणसं जवळ येऊन वास घेत उभी राहिली. मिऱ्यापेक्षा गोडसर, मागाहून चढत जाणारा, थोडा मातीचा वास. पुस्तकांत नाव वाचून वाचून ज्या गोष्टीची त्यांनी वर्षानुवर्षं कल्पना केली होती, ती माझ्या आजीच्या फडताळातली. त्या क्षणी मला या मंडळींमध्ये पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं.

पालकाच्या टार्टची कृती ऑग्सबर्गच्या साबिना वेल्सरिन या बाईच्या वहीतली. १५५३ साली तिने आपल्या घरच्या पाककृती लिहून काढल्या. त्यात जिनोआ पद्धतीची म्हणून ही टार्ट आहे : पालक किंवा चार्ड, किसलेलं चीज, ताजं चीज, ऑलिव्ह तेल, आणि वरून-खालून पातळ कणकेचं आवरण. शुक्रवारी दुपारी आम्ही पालक उकळत्या पाण्यातून काढला, गार केला आणि पंचात घालून पिळला. या पिळण्यात कसर ठेवून चालत नाही. पाणी राहिलं की खालची कणीक कच्ची राहते, कापताना तुकडा मोडतो. पंचाच्या दोन टोकांना दोघी, मध्ये हिरवा गोळा, आणि विरुद्ध दिशांना पीळ. कोपरापर्यंत हिरवे ओघळ. सुताराने पोळपाटाएवढ्या चकत्या लाटल्या, मी कडा मुडपल्या. करंजीची मुरड घालते तशी घातली, आणि ऑर्केस्ट्राच्या बाई ते बघून आपली काट्याने दाबलेली कडा उलगडून पुन्हा घालायला लागल्या. चौदा टार्ट. बारा टेबलांना बारा, मानाच्या टेबलाला एक, आणि एक हाताशी. प्रत्येकीचे आठ तुकडे, प्रत्येक टेबलावर आठ माणसं. हिशेब चोख होता.

मग ती बाराव्या टेबलावर का पोचली नाही?

त्या रात्री हॉल कसा होता, ते सांगायला हवं. इथे पाहुणे आपापली ताटं घेऊन येतात. विकरच्या टोपलीत लाकडी थाळी, मातीचा पेला, चमचा, सुरी, कापडी रुमाल. टेबलावर जो तो आपलं मांडतो. काही जणांचा संसार बघत राहावा असा असतो : पितळी समया, कशिदा काढलेली टेबलपोशी, मिठाची कोरीव डबी. चर्चमध्ये उघड्या ज्योतीला परवानगी नाही म्हणून बॅटरीच्या मेणबत्त्या, तरी दिवे मंद केले की चेहरे बदलतात. दिवसभर बँकेच्या काउंटरवर दिसणारी बाई मखमली बाह्यांचा झगा घालून ताठ बसली की तिच्याशी बोलताना आपलाही आवाज खाली येतो. मी लुगडं नेसते. कुणी विचारलं की सांगते, मी १५७० सालची, अहमदनगरच्या निजामशाहीतली. मुर्तझा निजामशहाने चौलला पोर्तुगीजांना वेढा घातला ते वर्ष. त्याच वर्षी पोपचा स्वयंपाकी बार्तोलोमेओ स्काप्पी याचा स्वयंपाकावरचा भला मोठा ग्रंथ व्हेनिसला छापून निघाला. आमच्या मुख्य स्वयंपाकिणीचं त्याच्यावाचून पान हलत नाही. त्यातली स्वयंपाकघरांची चित्रं तिने मोठी करून भिंतीला लावली आहेत : कुणी कणीक मळतंय, कुणी सळई फिरवतंय, कुणी परात उचलतंय.

हेरल्ड, म्हणजे आमचा चोपदार, ललकारी देतो, मानाच्या टेबलावरचे पाहुणे येऊन बसतात, त्यांच्या हातांवर सुरईतून गुलाबपाणी घातलं जातं. मग वाढपी स्वयंपाकघराच्या दारातून रांगेने निघतात. पहिलं ताट नेहमी मानाच्या टेबलाला. मग पहिलं टेबल, दुसरं, तिसरं, असं करत हॉलच्या दुसऱ्या टोकाला बारावं, बाहेरच्या दाराशेजारी, जिथे दर वेळी दार उघडलं की थंड वारा आत येतो. हे सगळं आम्ही हौसेने करतो. तो क्रम, ती अदब, ते झुकून ताट ठेवणं, यातच तर त्या काळाची गंमत आहे असं आम्हाला सगळ्यांना वाटतं. मलाही वाटतं. पहिल्या वर्षी ती रांग बघून माझ्या अंगावर काटा आला होता.

बैठकीत सगळ्या चिठ्ठ्या वाचून झाल्यावर मी विचारलं, की त्या टार्टचं नेमकं काय झालं ते शोधू या का. आम्ही टेबलांचा नकाशा पसरला आणि वाढप्यांना एकेक करून आठवायला लावलं. मानाच्या टेबलावर त्या दिवशी ऐन वेळी दोन पाहुणे वाढले होते, म्हणून हाताशी ठेवलेली तिकडे गेली. दुसऱ्या टेबलावर शाळेतल्या एका वाढप्याचे आजी-आजोबा होते. त्यांनी आणखी मागितली, त्याने प्रेमाने आणून दिली. त्याच टेबलावरून ती निम्मी परत आली. त्यामुळे पुढचा प्रत्येक वाढपी एक टेबल मागे पडत गेला, आणि बाराव्या टेबलाचा वाढपी दारात आला तेव्हा ओट्यावर फक्त रिकामे साचे होते. त्याने दोनदा जास्तीचा ब्रेड नेऊन दिला आणि माफी मागितली. प्रत्येकाने आपल्या जागी योग्य तेच केलं होतं. बाराव्याच्या वाढप्याने तर योग्य त्याहून अधिक केलं होतं.

तरी मला चैन पडेना, कारण नकाशावर टेबलांच्या पुढे नावंही होती. टेबलं नाव नोंदवण्याच्या क्रमाने लागतात. जुने लोक जानेवारीतच नोंदवतात, आपापल्या मित्रांसोबत, पुढची टेबलं अशी भरतात. बारावं टेबल शेवटच्या आठवड्यात नोंदवणाऱ्यांचं. महामार्गाजवळच्या नव्या अपार्टमेंटमध्ये राहायला आलेलं एक जोडपं आणि त्यांची दोन मुलं, गोदामात रात्रपाळी करणारे दोघे मित्र, ग्रंथालयातलं पोस्टर बघून एकट्याच आलेल्या एक वयस्क बाई, आणि मुख्य स्वयंपाकिणीच्या सुनेची बहीण. म्हणजे सात जण असे की ज्यांना त्या हॉलमध्ये कुणी ओळखत नव्हतं. नवखं माणूस दरवर्षी दाराशीच बसतं. त्याच्यापर्यंत ताट शेवटी पोचतं, निवलेलं पोचतं, कधी पोचतच नाही. आणि दरवर्षी याच बैठकीत, याच खोलीत, अजेंड्यावर एक विषय असतोच : नवे व्हॉलंटियर का मिळत नाहीत?

मीही पहिल्या वर्षी दाराशीच बसले होते. ताट नव्हतं, कुणी सांगितलंच नव्हतं की आणायचं असतं. शेजारच्या टेबलावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आपली लाकडी थाळी पुसून मला दिली आणि स्वतः ब्रेडच्या जाड तुकड्यावर जेवले. वर मला म्हणाले, त्या काळी असंच जेवत, मी तुमच्यापेक्षा जास्त खरा आहे आज. त्यांच्यामुळे मी दुसऱ्या वर्षी आले. ते गृहस्थ आता नाहीत.

क्रमाने वाढणं हे आम्ही मनाने रचलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. इंग्लंडात १५१७ साली राजाज्ञाच निघाली होती, कुणाच्या पंक्तीला किती पदार्थ असावेत याची. कार्डिनलला नऊ, ड्यूकला सात, आणि तिथून खाली हुद्द्याप्रमाणे उतरत. १५२६ मध्ये कार्डिनल वुल्झीने राजवाड्याच्या कारभाराचे नियम घालून दिले. कुणी कुठे जेवायचं, कुणाला काय मिळायचं, हे त्यात बारकाईने लिहिलं आहे. त्याच नियमांमध्ये आणखीही दोन गोष्टी आहेत, आणि त्या वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाहीत. भांडी घासणाऱ्या पोरांनी उघड्या अंगाने किंवा चिंध्या गुंडाळून फिरू नये, त्यांच्या कपड्यांसाठी आचाऱ्यांना पैसे द्यावेत, ही एक. आणि टेबलांवरून परत आलेलं अन्न वाया न घालवता दानाधिकाऱ्यामार्फत दारावरच्या गरिबांना द्यावं, ही दुसरी. म्हणजे ज्या माणसाने क्रम लावला, त्याला क्रमाच्या अगदी टोकाला कोण उभं आहे हे दिसत होतं. दारावरच्यांनाही त्या मेजवानीच्या हिशेबात जागा होती. उष्ट्याची का होईना.

बव्हेरियातल्या लांड्सहूटचं लग्न असंच प्रसिद्ध आहे. १४७५ साली ड्यूकच्या मुलाचं, गेओर्गचं, पोलंडच्या राजकन्येशी, हेडविगशी लग्न झालं. गावात चाललेल्या त्या सोहळ्याचा जमाखर्च लिहिलेला आहे. चाळीस हजारांच्या घरात कोंबड्या, पावणेदोन लाखांहून जास्त अंडी. लांड्सहूटचे लोक १९०३ पासून ते लग्न पुन्हा उभं करतात. हल्ली दर चार वर्षांनी. हजारो गावकरी त्यात भाग घेतात, कितीतरी आधीपासून केस वाढवतात, कारण टोप लावलेला चालत नाही. जुन्या मेजवान्यांचं आपल्यापर्यंत जे पोचलं ते बहुतेक असंच : किती आणलं, किती लागलं, किती पैसे गेले. त्या लग्नात एखाद्या गल्लीच्या टोकाला बसलेल्या माणसाला काय मिळालं नाही, याची चिठ्ठी कुणी लिहिलेली नाही. लिहिण्याची सोयच नव्हती. आमच्या वहीत मात्र ती ओळ आहे. साध्या बॉलपेनने, घाईत लिहिलेली, ‘बारावं टेबल’ या दोन शब्दांवर जरा जोर दिलेली. म्हणून मला ती चिठ्ठी मोलाची वाटते.

बैठकीत सगळ्यांना तसं वाटलं नाही. एक जण म्हणाले, माणसं फुकट राबतात, पहाटे पाचपासून उभी असतात, त्यांना वर तक्रारी कशाला वाचून दाखवायच्या? पुढच्या वेळी फक्त चांगल्या चिठ्ठ्या वाचू. हे बोलताना त्यांनी मुख्य स्वयंपाकिणीकडे पाहिलं, आणि तिच्याकडे बघून मलाही पोटात तुटलं. तिचे घोटे अजून सुजलेले होते. गरम पदार्थ १३५ अंश फॅरनहाइटच्या खाली जाता कामा नये, हा इथला आरोग्य खात्याचा नियम. त्यासाठी ती रात्रभर थर्मामीटर घेऊन अन्न गरम ठेवणाऱ्या एका रोस्टरकडून दुसऱ्याकडे फिरत होती. तिने स्वतः टार्टचा तुकडा तोंडात घातला नव्हता. पैसे घेणाऱ्या केटररला आपण बिनदिक्कत सांगतो, रस्सा गार होता म्हणून. प्रेमाने राबणाऱ्याला तेच सांगायला जीभ रेटत नाही. तरी माझं मत मी सांगितलं, आणि आजही ते तेच आहे. चिठ्ठ्या सगळ्या वाचायच्या. पुढच्या टेबलांवरचे लोक आपले मित्र आहेत. त्यांचं कौतुक आपल्याला फोनवरही मिळतं, वाण्याच्या दुकानात भेटले तरी मिळतं. बाराव्या टेबलावरच्या माणसाकडे आपला नंबर नसतो. त्याच्या हातात ती एक चिठ्ठीच असते.

मुख्य स्वयंपाकीण तोवर गप्प होती. ती एवढंच म्हणाली, “मला कळायलाच हवं होतं. मी त्यांच्यासाठीही केली होती ना ती.”

मला वाईचं आजोळ आठवलं. कार्यं असायची तेव्हा वाड्याच्या सोप्यात पंगती बसायच्या. पाटांच्या रांगा, रांगोळीच्या महिरपी, केळीच्या पानांवरचं पाणी निथळण्याचा वास, आणि वाढपी मामा-काका धोतराचा काचा मारून धावत असायचे. “सावकाश होऊ द्या” म्हणत आग्रह चालायचा, नको नको म्हणताना पानात जिलबी पडायची. पहिली पंगत पुरुषांची आणि मानाच्या पाहुण्यांची, दुसरी उरलेल्यांची, मग बायकांची. चुलीपाशी राबलेल्या बायका सगळ्यांत शेवटी. आणि त्याहूनही शेवटी, मागच्या अंगणात, पत्रावळीवर, गडीमाणसं. त्यांना वरून वाढलं जायचं. ते अंतर कशामुळे होतं हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही. तो पंक्तिप्रपंच आमच्या घराचा होता, आणि त्या आठवणीतल्या जिलबीचा वास मला अजूनही आवडतो. या दोन्ही गोष्टी माझ्या मनात शेजारी शेजारी बसलेल्या आहेत. एकीने दुसरीला बाहेर काढलेलं नाही.

पण त्याच घरात आजीची एक रीत होती. पहिली पंगत बसायच्या आधी ती कोठीत जायची आणि प्रत्येक पदार्थातला वाटा एका मोठ्या झाकणाच्या पातेल्यात काढून ठेवायची. जिलब्या मोजून, मठ्ठा तांब्यात, भाजी, भात, सगळं. वर फडकं बांधून फळीवर. कुणी हात लावलेला तिला खपायचा नाही. जावई आला तरी नाही. “शेवटच्या पंगतीचं आधी काढावं, मग पहिली बसवावी,” म्हणायची. तिच्या हातात पंगतींचा क्रम बदलणं नव्हतं. सोप्यात कोण बसणार आणि अंगणात कोण, हे ठरवणारे दुसरे होते. तिच्या हातात कोठीची किल्ली होती, तिने तेवढ्यात जे करता येईल ते केलं.

आणि क्रमच उलटवणारेही होतेच. माझ्या लुगड्याच्या काळातलेच. १५७० साली एकनाथ पैठणला होते, पस्तिशी ओलांडलेले. त्यांच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक चालला असताना त्या वासाने रस्त्यावरून जाणारी, अस्पृश्य मानली गेलेली भुकेली माणसं थबकली, आणि नाथांनी व गिरिजाबाईंनी ब्राह्मणांसाठी शिजलेलं अन्न आधी त्यांना वाढलं, ही कथा महाराष्ट्रात कुणाला सांगावी लागत नाही. पुढे ब्राह्मण जेवायला आलेच नाहीत, हेही आपल्याला माहीत असतं. तिकडे रोममध्ये पोपच्या पंक्तीला पदार्थांच्या फैरी झडत होत्या, लंडनमध्ये कुणाला किती पदार्थ याची राजाज्ञा निघून अर्धं शतक झालं होतं, आणि गोदावरीकाठी एका घरात पंगत उलट्या टोकाकडून बसली. आम्ही हॉलमध्ये ‘त्या काळासारखं’ करायचं म्हणतो, तेव्हा तो काळ म्हणजे फक्त वुल्झीचे नियम का समजायचे? तो काळ नाथांचाही होता.

हे मी बैठकीत एवढं सगळं बोलले नाही. आजीच्या पातेल्याचं सांगितलं, आणि म्हटलं, पुढच्या वर्षी वाढायला बाराव्या टेबलापासून सुरुवात करू. हेरल्डचं काम करणारे गृहस्थ अस्वस्थ झाले. मानाच्या टेबलाआधी दाराशी वाढलं, तर मग ती सोळाव्या शतकातली मेजवानी कसली, शाळेच्या कॅफेटेरियात काय वाईट आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी या खेळासाठी तीसेक वर्षं दिली आहेत. त्यांच्या कपाटात हाताने शिवलेले झगे आहेत आणि त्यांचा प्रत्येक टाका त्या काळासारखा आहे. त्यांच्या बोलण्यात गर्व नव्हता, काळजी होती. दिमाख गेला की जादू जाईल ही ती काळजी. मलाही ती थोडी वाटतेच. ती रांग, ती ललकारी, मखमलीवरचा तो मंद उजेड, हे गमवावं असं मला मुळीच वाटत नाही.

बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी असं ठरलं : पहिलं ताट ललकारीसह मानाच्या टेबलाकडेच जाईल, सजवलेलं, सगळ्यांना दिसेल असं. ते तिथे ठेवलं गेलं की लगेच वाढपी बाराव्यापासून वर येत जातील. दुसऱ्यांदा मागणाऱ्याला बाराही टेबलांना एकदा मिळाल्याशिवाय द्यायचं नाही, मग ते कुणाचेही आजी-आजोबा असोत. हाताशी ठेवलेला जादा साचा मुख्य स्वयंपाकिणीच्या ताब्यात राहील, आणि तो कुठे जाईल हे तीच सांगेल. टेबलं नोंदणीच्या क्रमाने लावायची नाहीत. प्रत्येक टेबलावर निदान दोन जुनी माणसं असतील आणि त्यांच्याकडे जादाची दोन ताटं. हे शेवटचं त्या सुताराने सुचवलं. लाकडी थाळ्या तो स्वतः करून देणार आहे, मेपलच्या, चौकोनी, कोपऱ्यात मिठासाठी खळगा असलेल्या.

एका मुद्द्यावर मात्र अजून एकमत नाही. स्वयंपाकघरातली माणसं जेवणार कधी? आत्तापर्यंत ती जेवतच नाहीत. उभ्याने काहीतरी तोंडात टाकतात, रात्री अकराला सिंक रिकामं झाल्यावर गार ब्रेड खातात. मेजवानी संपता संपता हेरल्ड त्यांना हॉलमध्ये बोलावतो, सगळे उभे राहून टाळ्या वाजवतात, आणि भांडी तशीच वाट बघत असतात. माझं म्हणणं आहे की त्यांची पंगत आधी बसवावी. दुपारी चारला, ताटं मांडून, हॉलमध्येच, गरम, सगळे पदार्थ. आणि त्यांना आम्ही वाढावं, मखमली बाह्या वर करून. मुख्य स्वयंपाकीण म्हणते चारला तिचा ओव्हन भरलेला असतो, त्या वेळी ती बसूच शकत नाही. हे तिचं खरं आहे. वहीत तो विषय पुढच्या बैठकीसाठी टाकला आहे. मी ओव्हनचं वेळापत्रक मागून घेतलं आहे. टार्ट दुपारी दोनलाच भाजून निघाल्या आणि मांस संध्याकाळी पाचनंतर आत गेलं, तर मध्ये तीन तास मिळतात. तेवढ्यात वीस माणसं नीट बसून जेवू शकतात.